हवा काढूनही ब्रेकचा लिव्हर पुन्हा पुन्हा मऊ पडतोय?

दुचाकीच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो. हवा काढली की चार दिवस बरा असतो, मग पहिले पाढे पंचावन्न. ही तक्रार मी स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांवर इतक्या वेळा हाताळली आहे, की आता कोणी "ब्रेक स्पंजी झालाय" म्हटलं तरी मी पाना शोधायला जात नाही. आधी नुसता लिव्हर दाबून बघतो, दहा-पंधरा वेळा, वेगवेगळ्या तऱ्हेने. निम्मं निदान तिथेच होतं.

ही अक्कल मला उशिरा आली. माझ्या गाडीची हवा मी एकदा महिन्याभरात चार वेळा काढली होती. दर वेळी ताजं ऑइल, दर वेळी दोन तास आणि दर वेळी आठवड्याच्या आत लिव्हर परत लिबलिबीत. पाचव्या खेपेला वैतागून कॅलिपरच (चाकापाशी डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने आवळणारा भाग) उतरवला, तर पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ निघाले. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली खालची गंजून जागच्या जागी धरली होती. लिव्हर दाबला की कॅलिपर सरळ सरकण्याऐवजी तिरका व्हायचा आणि डिस्कला वाकवायचा. हाताला जो स्पंज लागत होता तो हवेचा नव्हताच, वाकणाऱ्या लोखंडाचा होता. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार.

म्हणून खालचा क्रम असा ठेवलाय, की ऑइलची बाटली शक्य तितकी उशिरा उघडावी लागेल.

लिव्हर काय सांगतो

गाडी उभी, इंजिन बंद. लिव्हर सावकाश दाबा, सोडा, लगेच परत दाबा. मग एकदा घट्ट दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा.

दर वेळी मऊच लागतो, पण भराभर पंप मारले की वर येऊन थोडा कडक होतो: आत हवा असण्याची शक्यता जास्त.

पहिल्यांदा खोल जातो, दुसऱ्यांदा मात्र एकदम नीट आणि कडक. आणि हे खडबडीत रस्त्यावरून आल्यावर जास्त होतं: हवा नाही. चालत्या गाडीत काहीतरी पॅडना मागे ढकलतंय. चाकाचं बेअरिंग सैल आहे किंवा डिस्क वाकली आहे.

धरून ठेवला की हळूहळू हँडलकडे सरकत जातो: कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या (हँडलवरचा, लिव्हर दाबला की ऑइल ढकलणारा भाग) आतलं रबर दाब सोडतंय. ही गाडी त्या क्षणापासून रस्त्यावर न्यायची नाही.

लिव्हर दगडासारखा कडक, पण गाडी थांबत नाही: हायड्रॉलिक भाग ठीक असतो. पॅडला तेल लागलंय, पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झालेत किंवा पॅडना ढकलणारे कॅलिपरचे पिस्टन अडकलेत.

थंड गाडीला उत्तम, पण लांब उतारावर सतत ब्रेक लावला की लिव्हर पोकळ होतो आणि थांबून अर्ध्या तासाने बघावं तर जसाच्या तसा: ऑइलमध्ये पाणी मुरलंय. गरम होऊन त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते.

ब्रेक सुटत नाही, चाक जड फिरतं, चालवता चालवता लिव्हर आणखी आणखी वर येत कडक होत जातो: ही उलटी तक्रार वाटते, पण बऱ्याचदा त्याच दुर्लक्षित कॅलिपरची असते. तिच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, कारण ती जास्त धोकादायक आहे. ब्रेक लावलेला नसताना चाक अचानक जाम होऊ शकतं.

पाना न लावता होणारी तपासणी

पहिली गोष्ट लिव्हरची मोकळी चाल. लिव्हर सोडलेला असताना टोकाला थोडीशी ढिलाई जाणवली पाहिजे. म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येतो आणि हँडलवरच्या डबीतलं ऑइल नळीत यायचा रस्ता उघडा राहतो. गाडी पडून लिव्हर वाकला असेल किंवा बाहेरचा फॅन्सी लिव्हर बसवला असेल, तर त्याची टाच पिस्टनला कायम किंचित दाबून ठेवते. मग ब्रेक सुटत नाही आणि माणूस कॅलिपर खोलत बसतो. बाजारातला लिव्हर काढून मूळचा लावला आणि काम झालं, असं मी तीनदा तरी पाहिलंय. लिव्हरचा बोल्ट सुका आणि मातीने भरलेला असेल तर तो काढून पुसा आणि जरासं ग्रीस लावा.

मग डबी बघा. हँडल सरळ करून खिडकीतली पातळी तपासा. पातळी खाली गेली म्हणजे लगेच ऑइल ओतायचं नाही. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं, म्हणून डबीतली पातळी आपोआप उतरते. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी खाली आहे, तर मात्र गळती शोधायला लागा. रंगही बघा. ताजं ऑइल पाण्यासारखं किंवा फिकट मधासारखं असतं. काळ्या चहासारखं झालं असेल तर त्याचे दिवस भरलेत.

गळती शोधायची माझी पद्धत अगदी साधी आहे. टिश्यू पेपरची पट्टी प्रत्येक जोडाला एक वेढा देऊन दोऱ्याने बांधतो: मास्टर सिलिंडरपाशी नळीचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा, मधून पोकळ), कॅलिपरपाशी दुसरा, आणि ब्लीड निपल (कॅलिपरवरची हवा काढायची छोटी तोटी). मग लिव्हर घट्ट दाबून धरायचा, सोडायचा, असं वीसेक वेळा. ब्रेक ऑइल पारदर्शक असतं, धुळीत मुरून जातं, डोळ्यांना दिसत नाही. कागदावर मात्र टिकलीएवढा डागसुद्धा उठून दिसतो. लिव्हरच्या खाली, जिथे तो पिस्टनला ढकलतो, तिथलं रबरी बूट नखाने किंचित उचलून बघा. आत ओलावा असेल तर मास्टर सिलिंडरचं सील गेलं. ही जागा लोक हमखास विसरतात.

नळीवरही बोट फिरवा. लिव्हर दाबल्यावर रबरी नळी फुगताना हाताला जाणवत असेल, किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर ती बदलायचीच. रबरी नळी जुनी झाली की दाब खाते आणि लिव्हर मऊ लागतो, आत हवेचा एक बुडबुडा नसला तरी.

चाकाचं बेअरिंग तपासायला पुढचं चाक जमिनीपासून उचला, टायर वरून-खालून धरून आडवं हलवा. 'टक' असा आवाज किंवा हादरा आला तर ब्रेकचं काम बाजूला ठेवा, आधी बेअरिंग. डिस्कसाठी चाक हाताने फिरवा. ठरावीक जागी घासल्याचा आवाज येत असेल तर डिस्क वाकली आहे. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मधल्या भागात व्हर्निअरने मोजा, कडेला नको, कारण कडेला न झिजलेला काठ राहतो.

इथे एक हिशोब सांगतो, कारण तो कळल्यापासून मी हवेच्या मागे लागणं कमी केलं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरमध्ये ३० मिलिमीटरचे दोन पिस्टन, अशी जोडी धरा. कॅलिपरचे पिस्टन नेहमीपेक्षा फक्त ०.१ मिलिमीटर जास्त मागे गेले, तर ती जागा भरायला मास्टर पिस्टनला १.१ मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. लिव्हर हे अंतर पाच-सहा पट करून बोटांपाशी दाखवतो, म्हणजे लिव्हरच्या टोकाला जवळपास ६ मिलिमीटर. कागदाच्या जाडीएवढी वाकलेली डिस्क किंवा किंचित सैल बेअरिंग एवढा फरक पाडतं. बाटलीभर ऑइल ओतून तो जाणार नाही.

कॅलिपर उतरवून साफ करणं

वरच्या सगळ्यातून काही निघालं नाही, तर माझा पुढचा मुक्काम कॅलिपर. इथे ऑइलला हात लागत नाही, हवा जात नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

पॅडची पिन सैल करायची असेल तर कॅलिपर गाडीवर असतानाच करा. हातात धरून ती सुटत नाही. मग कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर तारेने वर टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका. कॅलिपर उतरलेला असताना लिव्हर चुकूनही दाबायचा नाही. घरात लहान मुलं असतील तर लिव्हरखाली लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा. मुलांना नेमका तोच दाबावासा वाटतो.

पॅड काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही सारखे झिजलेत का? एक पॅड दुसऱ्यापेक्षा फार पातळ असेल किंवा पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर पिन अडकल्या आहेत. झिजेची खूण म्हणून पॅडमध्ये खाच असते. खाच संपली की पॅड संपला. खाच नसेल तर मसाला १ मिलिमीटरवर येण्याच्या आत बदला. पॅडला तेल किंवा ब्रेक ऑइल लागलं असेल तर घासून, जाळून, पेट्रोलने धुऊन काही होत नाही. ते आत मुरलेलं असतं आणि गरम झालं की परत वर येतं. नवीनच घ्या, पण तेल कुठून आलं ते आधी शोधा: पुढे असेल तर शॉकअपचं सील गळतंय का बघा, मागे असेल तर चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडालाय का बघा.

पिन बोटांनी सरकल्या पाहिजेत. सरकत नसतील तर बाहेर काढून जुनं काळं ग्रीस पूर्ण पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने काढा आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ हाताने लावा. साधं चेसिस ग्रीस नको. एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीच्या पिनांना तेच थापलं होतं. तीन महिन्यांत पिनांवरचे रबरी बूट तेलाने फुगून इतके टम्म झाले, की पिन बाहेर ओढताना बूटही सोबत आला. ब्रेकमधल्या रबराला खनिज तेल अजिबात सोसत नाही, हे सगळ्या ब्रेकभर लक्षात ठेवायचं. डिझेल, इंजिन ऑइल, गंज सोडवणारा स्प्रे, यातलं काहीही सीलजवळ नको.

आता पिस्टन. हे काम सावकाश करा. पिस्टनच्या भोवती चौकोनी काटछेदाचं सील असतं. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे जातो आणि सील त्याच्यासोबत थोडं पिळवटतं. लिव्हर सोडला की सील आपला पीळ सोडतं आणि पिस्टनला तेवढंच मागे ओढतं. ब्रेक सोडायला आत कुठलीही स्प्रिंग नसते, एवढ्या पिळावर सगळं चालतं. पिस्टनच्या उघड्या भागावर पॅडची भुकटी आणि चिखल यांचा थर बसला की सील त्याला मागे ओढू शकत नाही. मग पॅड डिस्कला घासत राहतो, तापतो, तिरका झिजतो.

दोन पॅडच्या जागी लाकडाची पट्टी धरून लिव्हर एक-दोनदा हलकेच दाबा. (आत्ताच दाबू नका म्हटलं होतं, पट्टी असेल तरच चालतं.) पिस्टन ४-५ मिलिमीटर बाहेर आले की थांबा. जुना टूथब्रश, साबणाचं कोमट पाणी, आणि पिस्टनच्या मागच्या बाजूला जायला सुती नाडी. नाडी पिस्टनभोवती गुंडाळून बूट पॉलिश करतात तशी मागेपुढे ओढली की मागचा थर निघतो. भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, ओलीच पुसायची. ती फुप्फुसांत जायच्या लायकीची नाही. पिस्टन चकचकीत झाले की त्यांच्या अंगावर ताज्या ब्रेक ऑइलचं एक बोट फिरवा आणि हाताच्या अंगठ्यांनी आत ढकला. साफ पिस्टन जोर लावला की आत जातो. घाणेरडा पिस्टन पक्कडीने आत रेटला तर ती घाण सीलवरून घासत जाते, म्हणून आधी सफाई, मग ढकलणं, हा क्रम उलटा करू नका. ढकलताना डबीवर लक्ष ठेवा. पातळी वर येते आणि भरलेली डबी टाकीवर सांडते. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर नुसतं पुसू नका, भरपूर पाणी ओता.

दोन पिस्टनपैकी एकच पुढे येत असेल तर चालणाऱ्याला पट्टीने दाबून धरा आणि दुसऱ्याला लिव्हरने हलवा. तीन-चार वेळा आत-बाहेर केल्यावरही तो हटून बसला, किंवा त्याच्यावर गंजाचे खड्डे दिसले, तर सफाईचा उपाय संपला.

पॅड बसवून, सगळं जोडून झाल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप मारा. हे विसरलेला माणूस पहिल्या वळणावर लिव्हर हँडलला टेकवतो आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहतो. मी बघितलीय ती भिंत.

ब्रेक सुटत नाही, तेव्हा

चाक जाम असतानाच निदान करा, थंड होऊन सुटायच्या आत. डिस्कला बोट लावू नका, फार भाजतं. पाण्याचा थेंब टाकून बघा. निपलला नळी लावून पाव फेरा उघडा. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता, म्हणजे दोष वरच्या बाजूला आहे. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर दोष कॅलिपरच्या पिस्टन-पिनांचा. ही एक मिनिटाची चाचणी भलतेच भाग बदलण्यापासून वाचवते.

दोष वरचा निघाला तर आधी लिव्हरची मोकळी चाल परत बघा, मग डबीचं झाकण उघडा. तळाशी दोन छिद्रं असतात. एक मोठं, सहज दिसणारं. दुसरं सुईच्या टोकाएवढं, कधी कधी छोट्या पत्र्याच्या झाकणाखाली लपलेलं. ऑइल तापून फुगलं की जास्तीचं या बारीक छिद्रातून डबीत परत येतं. ते बुजलं की फुगलेलं ऑइल जाणार कुठे? ते पॅडच दाबतं, पॅड आणखी तापतात, ऑइल आणखी फुगतं. 'चालवता चालवता कडक होत जातो' याचं कारण हे.

छिद्र उघडं आहे का, हे डोळ्यांनी कळतं. झाकण काढून लिव्हर अगदी हळू, मिलिमीटर-दोन मिलिमीटर हलवा. ऑइलच्या पृष्ठभागावर छोटीशी उसळी किंवा भोवरा दिसला तर रस्ता मोकळा आहे. जोरात दाबू नका, कारंजं डोळ्यांपर्यंत येतं. चष्मा घातलेला बरा. उसळी नसेल तर जुनं ऑइल सिरिंजने काढा, तळाचा चिकट गाळ फडक्याने पुसा आणि छिद्रात गिटारच्या सर्वांत बारीक तारेचं टोक हलकेच फिरवा. टाचणी किंवा ड्रिलचं पातं घालून ते मोठं केलंत तर त्यावरून जाणारं रबर कापलं जाईल.

आता बाटली उघडा

डबीवर लिहिलेला प्रकारच घ्या. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच ग्लायकोल घराण्यातली; डॉट ५ सिलिकॉनचं, त्याचा यांच्याशी संबंध नाही आणि मिसळायचं तर मुळीच नाही. आकड्यांच्या जवळिकीमुळे ५ आणि ५.१ यांत गल्लत होते. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १५५ अंशांवर येऊ शकते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. ग्लायकोल ऑइल हवेतला ओलावा स्वतःहून शोषतं, म्हणून गाडी उभी असली तरी दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि म्हणूनच मागच्या वर्षी उघडून ठेवलेली अर्धी बाटली वापरायची नाही.

झाकणाचे स्क्रू काढताना पहिल्यांदा स्क्रूड्रायव्हर नीट बसवून त्याच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या. या मऊ स्क्रूंची डोकी घसरली की दिवस वाया गेला म्हणून समजा. टाकीवर ओलं जाड फडकं पसरा.

निपलवर आधी रिंग पाना (बहुतेक ८ किंवा १० मिलिमीटरचा), मग पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. लिव्हर दाबा आणि धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलकडे गेला की आधी निपल बंद करा, मगच लिव्हर सोडा. 'आधी बंद, मग सोड' हे दोघं मिळून करत असाल तर मोठ्याने म्हणा. जुन्या गाडीत लिव्हरखाली छोटा ठोकळा ठेवतो, म्हणजे पिस्टन कधीच न गेलेल्या गंजक्या भागापर्यंत जाऊन रबर खरवडत नाही. दर चार-पाच पंपांनंतर डबी भरा. एकदा डबी कोरडी पडून हवा आत ओढली गेली की सगळं पहिल्यापासून. एका पुढच्या ब्रेकला २५० मिलिलिटरची बाटली पुरून उरते.

नळीतून सारख्या आकाराच्या बारीक बुडबुड्यांची माळ संपतच नसेल, विशेषतः व्हॅक्यूम पंप लावला असताना, तर ती हवा ब्रेकमधली नसते. निपलच्या आट्यांमधून आत येते. खरी अडकलेली हवा गचके देत, लहानमोठ्या गोळ्यांनी येते.

आणि तरीही लिव्हर मऊ? मग बुडबुडा बहुधा तळाशी नाहीच, वर बसलाय. हवा वर जाते आणि आपण तिला नळीभर खाली ढकलून कॅलिपरमधून काढायला बघतो. ती अर्ध्यावर येते, आपण थांबलो की परत वर. तिचं आवडतं घर म्हणजे मास्टर सिलिंडरजवळचा बँजो बोल्ट. हँडल असं वळवा की डबी त्या बोल्टपेक्षा उंच येईल, बोल्टवर आणि नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारा, आणि लिव्हर फक्त सुरुवातीच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये पन्नास-साठ वेळा भराभर हलवा. डबीत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकेक करून वर येताना दिसतात. मला यात फार समाधान मिळतं, का ते विचारू नका.

तेही चाललं नाही तर मोठ्या सिरिंजने कॅलिपरच्या निपलमधून ताजं ऑइल वर ढकला. हवेला जिकडे जायचंय तिकडेच आपण तिला पाठवतो. फक्त डबी आधी अर्धी रिकामी करा. लिव्हर रात्रभर दोरीने बांधून ठेवायची युक्तीही चालते: दाबाखाली बुडबुडे आकसून जागा सोडतात आणि सकाळी लिव्हर सोडताच डबीत येतात. पण सकाळी कडक आणि संध्याकाळी परत मऊ, असं झालं तर ती युक्ती नव्हे, झाकपाक आहे. हवा कुठून तरी नव्याने येते आहे किंवा सील गेलंय.

आणखी एक बघा: निपल कॅलिपरच्या सर्वांत उंच जागी आहे का? नसेल तर कॅलिपर उतरवून, पॅडमध्ये लाकडी पट्टी धरून, निपल वर येईल असा हातात धरूनच हवा काढा.

इथे थांबा

लिव्हर धरल्यावर खाली सरकतो, पिस्टनवर खड्डे आहेत, पिस्टन हटत नाही, नळीला चिरा आहेत, निपलचं डोकं गोल झालं किंवा ते तुटलं, बँजो बोल्टच्या आट्या गेल्या: ही कामं सर्व्हिस मॅन्युअल, टॉर्क पाना आणि आधीचा हात असल्याशिवाय घरी करू नका. अडकलेला पिस्टन हवेच्या कॉम्प्रेसरने उडवायचे व्हिडिओ बघून कोणी बोटं मध्ये धरू नयेत. तो गोळीसारखा सुटतो. बँजो बोल्ट सोडवलाच तर दोन्ही बाजूंचे वॉशर नवे लागतात, जुने एकदा दबलेले असतात.

एबीएसची (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी असेल तर माझी हद्द पॅड, पिना, सफाई आणि डबी कोरडी न पडू देता ऑइल बदलणं एवढीच. त्या यंत्रणेच्या मॉड्युलेटरमध्ये हवा गेली तर अनेक गाड्यांत ती काढायला कंपनीचं निदान यंत्र लागतं. एबीएसचा दिवा चालू राहत असेल, तर घरी काहीच करू नका. पुढचा-मागचा ब्रेक एकमेकांना जोडलेला असेल तर हवा काढण्याचा क्रम ठरलेला असतो. तो मॅन्युअलमध्ये असेल तसाच पाळा, नाहीतर गाडी गॅरेजला द्या. आणि दोनदा नीट हवा काढूनही लिव्हर सुधारला नाही, तर तिसऱ्यांदा काढू नका.

जोडल्यानंतर

निपल हातभर लांब पान्याने आवळायचं नसतं; मनगटाच्या जोराने बसतं, त्याचं शंकूसारखं टोक आत टेकलं की झालं. डबीचा रबरी पडदा नीट घडीत बसवा, त्याखाली ऑइल काठोकाठ नको. सगळं पाण्याने धुवा. जुनं ऑइल झाकणाच्या बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या तेलात द्या, गटारात नाही.

पॅड नवीन असतील तर रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, वीस-तीस वेळा हलकेच ब्रेक लावून ते डिस्कवर बसवा. त्याआधी चालत्या पावलाच्या वेगात, अंगणातच, दोन्ही ब्रेक एकेक करून लावून बघा. परत आल्यावर लिव्हर एक मिनिट घट्ट धरा. मग तिन्ही जोडांना कागदाच्या नव्या पट्ट्या बांधून गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी पट्ट्या सोडून उजेडात धरा, आणि तिन्ही कोरड्या असतील तर निपलची रबरी टोपी बसवा.